मॉर्मन रूममेट आणि कॉलेजचं पहिलं सेमिस्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकची. बारावीनंतर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका कॉलेजात शिकायला गेले. पहिल्या वर्षी माझ्या खोलीत युटा राज्यातल्या एका छोट्या गावातली मुलगी होती. ती मॉर्मन. तेव्हापासून दर उन्हाळ्यात खोल्यांची वाटणी जाहीर झाली की मला कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच: ‘ताई, रूममेट मॉर्मन आहे. काही प्रॉब्लेम नाही ना?’ कधी मुलांच्या आया विचारतात. प्रत्येकाला तुटक उत्तरं देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढलं आहे. तिला विचारून लिहिलंय, आणि तिची ओळख पटेल असं काही यात ठेवलेलं नाही.

मॉर्मन म्हणजे नेमके कोण?

अमेरिकेतच जन्मलेला एक ख्रिस्ती पंथ. जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात तो स्थापन केला. ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा त्यांचा ग्रंथ त्याच वर्षी पाल्मायरा गावात छापला गेला. देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून हा ग्रंथ आपण भाषांतरित केला, असं स्मिथचं सांगणं होतं. बायबलसोबत ते हाही धर्मग्रंथ मानतात. मिझुरीतून आणि पुढे इलिनॉयमधून या लोकांना हाकलून दिलं गेलं. १८४४ मध्ये कार्थेजच्या तुरुंगात जमावाने स्मिथला ठार मारलं. मग ब्रिगहॅम यंग त्यांना घेऊन पश्चिमेला निघाला आणि जुलै १८४७ मध्ये ते आजच्या युटा राज्यातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. आज जगभरात त्यांची नोंदलेली संख्या १ कोटी ७० लाखांच्या वर आहे आणि त्यातले निम्म्याहून जास्त अमेरिकेबाहेर राहतात.

माझ्या रूममेटचे पूर्वज हातगाडी ओढत मैदानं पार करून आलेल्यांपैकी. आपल्याकडे घरात पूर्वजांचे फोटो असतात तशी तिच्या टेबलावर एक जुनी तसबीर होती: कडक कॉलरची एक बाई, ओठ घट्ट मिटलेले. पहिल्या रात्री मी विचारलं, ही कोण? उत्तराला पाऊण तास लागला. तेव्हाच मला कळलं की या मुलीसाठी धर्म म्हणजे आधी घराण्याची गोष्ट आहे.

त्यांना ‘मॉर्मन’ म्हटलेलं चालतं का?

त्यांच्या चर्चचं नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. २०१८ मध्ये त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी सांगितलं की टोपणनाव सोडा, पूर्ण नाव वापरा. त्यामुळे बरेच जण आता स्वतःला ‘लॅटर-डे सेंट’ किंवा नुसतं ‘चर्चचा सदस्य’ म्हणतात. माझ्या रूममेटला ‘मॉर्मन’ शब्द खटकत नव्हता, तिच्या आईला खटकायचा. म्हणून पहिल्याच दिवशी विचारून घ्या. इथे मी ‘मॉर्मन’ लिहिते आहे, कारण मराठी वाचकाला तोच शब्द ओळखीचा आहे.

‘सेंट’वरून आपला मात्र घोटाळा होतो. मी आईला फोनवर ‘अंतिम काळातले संत’ असं भाषांतर करून सांगितलं, तर ती म्हणाली, ‘अगं बाई, एवढी लहान मुलगी आणि संत?’ त्यांच्याकडे सेंट म्हणजे साधा सदस्य. ज्ञानोबा-तुकोबांच्या अर्थाने नव्हे.

चहासुद्धा चालत नाही?

नाही. दारू, तंबाखू, कॉफी आणि चहा, चारही वर्ज्य. १८३३ मध्ये जोसेफ स्मिथने सांगितलेल्या आरोग्यनियमांतून हे आलं आहे. मूळ मजकुरात ‘गरम पेयं’ असे शब्द आहेत. त्याचा अर्थ चहा आणि कॉफी, असा पुढे ठरला. त्यामुळे गरम कोको चालतो आणि थंड कोलाही चालतो. मनाई चहाच्या झाडाच्या पानाला आहे, मग तो काळा चहा असो की ग्रीन टी.

हा नियम ऐकायला किरकोळ वाटतो, पण पहिल्या दोन महिन्यांत तिला सगळ्यात जास्त दमवलं ते यानेच. अमेरिकन कॉलेजात ओळख व्हायची म्हणजे ‘चल, कॉफी घेऊ’. प्रोफेसर कॉफीला बोलावतात, अभ्यासाचा गट कॉफीच्या दुकानात बसतो. दुसऱ्या आठवड्यात एका सेमिनारच्या बाईंनी प्रेमाने सगळ्यांसाठी कॉफी आणली. तिने ‘नको’ म्हटलं नाही. कप हातात धरून ती सव्वा तास बसली, तोच कप तसाच खोलीवर घेऊन आली आणि मोरीत ओतून दिला. मी विचारलं, ‘सांगून टाकायचं ना?’ ती म्हणाली, ‘आज सांगितलं असतं तर वर्षभर मी तीच झाले असते. कॉफी न पिणारी मुलगी.’ घरी कुणी हा प्रश्नच विचारत नसे, कारण सगळं गावच तसं. नाही म्हणायची वेळ तिच्यावर आयुष्यात पहिल्यांदा आली होती.

माझी रोजची सवय म्हणजे केटलमध्ये आलं घालून चहा. वासाने ती उशीवरून डोकं उचलायची. तिला देता येत नाही याचं मला वाईट वाटायचं. एकदा शहरातल्या आशियाई दुकानात गवती चहाच्या काड्या मिळाल्या. आणून आल्यासोबत उकळल्या, वर थोडा गूळ घातला. ‘हा गवती चहा’ म्हणून कप पुढे केला, तर तिने हात मागे घेतला, कारण ‘चहा’ हा शब्द एव्हाना तिला कळत होता. मग मी काडी तिच्या हातात दिली. तिने ती चुरगाळून हुंगली, फोनवर वनस्पतीचं नाव शोधलं, हे चहाचं झाड नव्हे याची खात्री केली आणि मग दोन कप प्यायली. थंडी पडल्यावर आमच्या मजल्यावरच्या चार-पाच मुली त्यासाठी आमच्या खोलीत येऊन बसू लागल्या. ‘चल, कॉफी घेऊ’ला तिच्याकडे स्वतःचं उत्तर आलं: ‘माझ्या खोलीवर ये, गवती पिऊ.’

पार्ट्यांचं काय? एकटी पडली का ती?

सुरुवातीला पडली. सप्टेंबरमध्ये शुक्रवारी रात्री डॉर्म रिकामं व्हायचं. ती दोनदा गेली, हातात पाण्याची बाटली घेऊन कोपऱ्यात उभी राहिली, परत आली. तिला कुणी आग्रह केला नाही. त्रास वेगळाच होता: लोक तिच्यासमोर अवघडायचे. ती आली की कुणीतरी ग्लास पाठीमागे लपवायचं, कुणी शिवी दिली की तिची माफी मागायचं. ती म्हणायची, मी कुणाची सुपरवायझर आहे का?

एक सांगायला हवं. मीही दारू पीत नव्हते, पण मला कुणी कारण विचारलं नाही. ‘इंडियन आहे’ एवढ्यावर लोकांचं भागायचं. ती गोरी, अमेरिकन, त्यांच्यासारखीच दिसणारी. म्हणून तिला दर वेळी खुलासा द्यावा लागायचा.

रविवारी ते काहीच करत नाहीत, हे खरं का?

प्रत्येक घराची पद्धत थोडी वेगळी असते. तिच्या घरी रविवारी खरेदी नाही, खेळ नाही, शाळेचा अभ्यास नाही. चर्चची सभा २०१९ पर्यंत तीन तासांची असे, आता दोन तासांची. बाकीचा दिवस घरच्यांसोबत घालवायचा.

आता हा नियम कॉलेजच्या वेळापत्रकावर ठेवून बघा. आमचा केमिस्ट्रीचा प्रॉब्लेम सेट सोमवारी सकाळी नऊला द्यायचा असे. सगळं कॉलेज रविवारी रात्री बसून तो सोडवतं. ती शनिवारी जमेल तेवढा करायची आणि रविवारी रात्री नऊला झोपायची. बारा वाजून पाच मिनिटांनी गजर. सोमवार सुरू झाला. टेबलावरच्या दिव्यावर ती तिचा निळा स्कार्फ टाकायची, म्हणजे माझ्या डोळ्यांवर उजेड येऊ नये, आणि तीन वाजेपर्यंत वही-पेन्सिलची खसखस चालायची.

पहिले तीन आठवडे मी चिडले होते, हे कबूल करते. मला वाटायचं, देवाला बारा वाजण्याचा काय हिशेब? एका रात्री मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, ‘हिशेब देवाचा नाही, माझा आहे. हा एक दिवस सोडला तर मला मी घरातली कोण होते ते आठवणार नाही.’ माझी आजी एकादशीला कांदा-लसूण टाळते, त्यामागे पंचांग आहे तेवढीच तिची स्वतःची ओढही आहे. मला ते आधीच सुचायला हवं होतं. पुढे तिने सोमवारची पहाट कॉमन रूममध्ये काढायला सुरुवात केली आणि मी झोपू लागले. दोघींनी अर्धी-अर्धी वाट चालली.

यात मार्कांची किंमत होती. पहिल्या मिडटर्मला तिला सी मिळाला. ग्रुप प्रोजेक्टची मीटिंग रविवारी संध्याकाळी ठरली तेव्हा तिने वेळ बदलून मागितली. दोघे तयार झाले, एक जण कुरकुरला. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमधले दिवंगत प्राध्यापक क्लेटन ख्रिस्टेन्सन हेही याच पंथाचे होते. ऑक्सफर्डला शिकताना बास्केटबॉलचा अंतिम सामना रविवारी आला म्हणून ते खेळले नाहीत, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. तिचे वडील हा किस्सा फोनवर ऐकवायचे. तिला तो उपयोगी पडत नव्हता. तिचा प्रश्न एका सामन्याचा नव्हता. तिला चौदा रविवार काढायचे होते.

चर्च शोधावं लागतं का?

चर्चच तुम्हाला शोधतं. त्यांच्या स्थानिक मंडळीला ‘वॉर्ड’ म्हणतात. मूल गाव सोडून शिकायला गेलं की त्याची नोंद नव्या वॉर्डकडे पाठवली जाते. तिथला प्रमुख म्हणजे बिशप. तो आठवडाभर आपली नोकरी करतो आणि हे काम बिनपगारी सांभाळतो. आमच्या गावात रविवारी सकाळी बस नसायची, म्हणून एक कुटुंब गाडी घेऊन डॉर्मच्या दाराशी यायचं. बर्फ पडलेला, आणि ही घोट्यापर्यंतचा स्कर्ट सावरत धावते आहे, हे चित्र मजल्यावरच्या सगळ्यांच्या ओळखीचं झालं होतं.

तिसऱ्याच आठवड्यात तिला काम मिळालं: लहान मुलांच्या वर्गात पियानो वाजवायचा. त्यांच्यात प्रत्येकावर काहीतरी जबाबदारी असते, नुसतं येऊन बसायचं नसतं. मला वाटतं, त्या सेमिस्टरमध्ये तिला सगळ्यात जास्त याने सावरलं. डॉर्ममध्ये चारशे माणसं, सगळी अठरा-एकोणीसची. तिथे तिला दर आठवड्याला तीन वर्षांचं पोर मांडीवर मिळायचं आणि ऐंशी वर्षांची बाई ‘जेवलीस का’ विचारायची.

कॉलेजवयीन मुलांसाठी ‘इन्स्टिट्यूट’ नावाचे धर्मवर्गही असतात. पहिला १९२६ मध्ये आयडाहो राज्यातल्या मॉस्को गावी तिथल्या विद्यापीठाजवळ सुरू झाला. आमच्याकडे त्या वर्गाला सहा जण यायचे.

दुसरी बाजूही आहे. ऑक्टोबरमध्ये एका रविवारी ती गेली नाही, तर दुपारपर्यंत तीन मेसेज. प्रत्येकात काळजीच होती. तिने फोन उशीखाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आपल्या माणसांत असण्याचा हा भार मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

त्यांच्यात उपास असतात का?

महिन्याच्या पहिल्या रविवारी. दोन वेळचं जेवण सोडायचं, पाणीही नाही, आणि वाचलेले पैसे गरजूंसाठी द्यायचे. साबुदाण्याची खिचडी नाही, हे ऐकून मला तिच्याबद्दल आदर वाटला. याशिवाय मिळकतीचा दहावा भाग चर्चला. लायब्ररीतल्या नोकरीच्या पहिल्या पगारातून तिने तो काढला तेव्हा खात्यात उरले होते साठ डॉलर.

‘मॉर्मन म्हणजे खूप बायका’ ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यात बहुपत्नीत्व होतं, जोसेफ स्मिथ आणि ब्रिगहॅम यंग दोघांनीही ते आचरलं. १८९० मध्ये अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी ते थांबवत असल्याचं जाहीर केलं. आज कुणी तसं लग्न केलं तर चर्चमधून काढून टाकतात. बातम्यांत दिसतात ते वेगळे झालेले छोटे गट.

ऑगस्टच्या शेवटी ओरिएंटेशनच्या जेवणात एकाने तिला विचारलं, ‘मग तुला आया किती?’ टेबलावर हशा पिकला. मीही हसले. तिची-माझी ओळख जेमतेम आठवड्याची होती, मला त्या गटात सामावायचं होतं, म्हणून हसले. ती ताटातल्या बटाट्याचे बारीक बारीक तुकडे करत राहिली. नोव्हेंबरमध्ये मी तिची माफी मागितली तेव्हा कळलं की कोण कोण हसलं होतं हे तिला नावानिशी आठवत होतं, आणि त्यात माझं नाव होतं. तुम्ही हे करू नका.

कॉलेजात शिकल्यावर त्यांची श्रद्धा डळमळते का?

तिची डळमळली, आणि तिचीच परवानगी घेऊन सांगते. पहिल्या सेमिस्टरला तिने अमेरिकेतल्या धर्मांचा इतिहास हा विषय घेतला. शिकवणारे प्राध्यापक सभ्य होते, कुठल्याच धर्माची टिंगल करत नसत. ऑक्टोबरमध्ये मॉर्मनांचा आठवडा आला. जोसेफ स्मिथला वयाच्या चौदाव्या वर्षी रानात झालेलं दर्शन हा त्यांच्या धर्माचा पाया. त्याचं त्याने १८३८ मध्ये सांगितलेलं वर्णन या मुलांना लहानपणापासून पाठ असतं: परमेश्वर आणि येशू, दोन व्यक्ती प्रकाशात उभ्या. वर्गात त्याच्या शेजारी १८३२ मधलं वर्णन ठेवलं. तेही त्यानेच दिलेलं. त्यात फक्त ‘प्रभू’ दिसल्याचा उल्लेख आहे.

ती वर्गातून आली ती खोलीत शिरलीच नाही. कॉरिडॉरमध्ये जमिनीवर बसून तिने वडिलांना फोन लावला. दार अर्धवट उघडं होतं. ती रडत नव्हती, चिडली होती. एकच वाक्य दोन-तीनदा आलं: ‘हे मला तुम्ही का नाही सांगितलं?’

हे काही दडवलेलं नव्हतं. चर्चने २०१३ पासून स्वतःच्या संकेतस्थळावर अवघड विषयांवरचे लेख घातले आहेत: दर्शनाची निरनिराळी वर्णनं, स्मिथचे विवाह, आणि कृष्णवर्णीय पुरुषांना १९७८ पर्यंत पौरोहित्य नाकारलं गेलं त्याचा इतिहास. पण घरी ते कुणी वाचलेले नव्हते. वडिलांनी वाद घातला नाही. म्हणाले, मीही नीट वाचलेलं नाही, तू वाच, मीही वाचतो. मग रविवारी संध्याकाळी दोघं फोनवर एकेक लेख वाचू लागले. काही वेळा एक-दोन परिच्छेदांनंतर बराच वेळ शांतता असायची.

एका रात्री तिने मला विचारलं, तुझ्याकडे असं काही झालं का? मी तिला इंद्रायणीची गोष्ट सांगितली. तुकोबांची गाथा बुडवली आणि तेरा दिवसांनी ती कोरडी वर आली, हे मी आजीच्या मांडीवर ऐकलं. पुढे वाचायला लागल्यावर कळलं की अभ्यासक तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. ‘मग तू विश्वास ठेवतेस?’ मी म्हटलं, आजी ठेवते, आणि मी आजीबरोबर वारीत सासवडपर्यंत चालले आहे, दिवे घाट चढताना माझ्या मनात तो प्रश्न आला नाही. तिचं समाधान झालं असं नाही. ‘पण मला उत्तर हवंय,’ ती म्हणाली. तिचंही बरोबर होतं. ज्या धर्मात ठरावीक वर्षी, ठरावीक जागी घडलेल्या घटनेवर सगळं उभं आहे, तिथे ती घटना घडली की नाही याला फार वजन असतं.

मग तिने चर्च सोडलं?

नाही. पण ती जशी आली होती तशीही राहिली नाही.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ती म्हणाली, आज ये माझ्याबरोबर. उपासाच्या रविवारी त्यांच्याकडे प्रवचन नसतं, ज्याला वाटेल त्याने उठून आपली साक्ष द्यायची. हॉल साधा, एखाद्या शाळेसारखा. भिंतीवर क्रूस नाही, कारण ते तो वापरत नाहीत. वाइनच्या जागी पाणी: लहान लहान कपांची थाळी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, त्याआधी पावाचे तुकडे. बाळं रडत होती, कुणी त्यांना गप्प करत नव्हतं.

एकामागून एक माणसं उठली. सगळ्यांचं वाक्य एकाच घडणीचं: ‘मला माहीत आहे, हे चर्च खरं आहे.’ मला विश्वास आहे असं नव्हे, मला माहीत आहे. चार-पाच वर्षांची पोरंसुद्धा, आई कानात सांगेल तसं, तेच म्हणत होती. मग ही उठली. दोन्ही हातांनी माइकचा स्टँड धरला. म्हणाली, ‘मला माहीत आहे असं मी लहानपणापासून म्हणत आले. आज तसं म्हणता येत नाही. मला आशा आहे, एवढंच खरं सांगता येईल.’ त्यांच्या ग्रंथात आल्मा नावाच्या भागाच्या बत्तिसाव्या अध्यायात म्हटलं आहे की विश्वास ठेवण्याची नुसती इच्छा असली तरी सुरुवातीला पुरे. तिने त्याचा उल्लेख केला आणि खाली बसली.

मला भीती वाटली की आता कुजबुज होईल. सभा संपल्यावर ती ऐंशी वर्षांची बाई आली, तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, ‘परत जायला गाडी आहे ना?’

ती अशा लोकांच्याच विद्यापीठात का नाही गेली?

प्रोव्हो गावात ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी आहे, १८७५ मध्ये सुरू झालेल्या अकादमीतून वाढलेली. तिचा भाऊ तिथेच होता. हिला पूर्वेकडच्या कॉलेजात चांगली शिष्यवृत्ती मिळाली आणि तिला स्वतःलाही बाहेर पडायचं होतं. भाऊ तिला म्हणाला होता, तुला तिथे खुलासे देऊन कंटाळा येतो, मला इथे खुलासा करायला कुणी सापडत नाही. चहूबाजूंनी सगळे खात्रीने बोलत असले की शंका आलेल्या मुलाने कुठे जायचं?

मराठी विद्यार्थ्यांचाही या विद्यापीठाबद्दल प्रश्न असतो, कारण फी कमी आहे. इतर धर्मीयांना प्रवेश मिळतो, मात्र सदस्यांच्या दुप्पट फी पडते. आचारसंहिता सगळ्यांना लागू: दारू, चहा, कॉफी नाही, दाढी नाही, मुला-मुलींनी एकमेकांच्या खोल्यांत जाण्यावर बंधनं. धर्माचे अभ्यासक्रमही घ्यावे लागतात. हे मनापासून पटत असेल तरच अर्ज करा. फीकडे बघून चार वर्षं कुढत काढू नका.

रूममेट खूप उदास दिसली तर काय करावं?

नोव्हेंबरमध्ये दहा-बारा दिवस ती वर्गाला जाण्यापुरतीच उठायची. मी आधी गप्प राहिले, वाटलं धर्माचा मामला आहे, आपण काय बोलणार. ते चुकलं. शेवटी मीच तिला कॉलेजच्या समुपदेशकाकडे घेऊन गेले आणि बाहेर बाकावर बसून राहिले. बिशपनेही तिला तेच सांगितलं होतं: प्रार्थना कर, आणि समुपदेशकाकडेही जा. कारण श्रद्धेचं असो, मार्कांचं असो की घरच्या आठवणीचं, माणूस अंथरुणातून उठत नसेल तर मजल्यावरच्या रेसिडेंट असिस्टंटला, म्हणजे मजल्याची देखरेख करणाऱ्या विद्यार्थ्याला, सांगा. ती चहाडी नाही.

ते आपल्याला धर्मांतर करायला लावतात का?

तिने मला एकदा ग्रंथ दिला, एकदा सभेला नेलं, आणि मी ‘माझं माझ्या जागी बरं आहे’ म्हटल्यावर विषय संपला. प्रचार हा त्यांच्या धर्माचा भाग आहे, तो ते लपवत नाहीत. स्पष्ट, शांतपणे ‘नको’ म्हणा. ते ऐकायची त्यांना सवय असते. उलट दिशेनेही हेच लक्षात ठेवा: तिला शंका आल्या म्हणून ‘सोड ना मग’ असा सल्ला आपण द्यायचा नाही. आमच्या मजल्यावर दोघी-तिघींनी तो दिला, आणि ती त्यांच्याशी मोकळं बोलायची बंद झाली.

आता ती कुठे आहे?

पहिलं वर्ष संपल्यावर तिने मिशनसाठी, म्हणजे घर सोडून धर्मप्रचाराला जाण्यासाठी, अर्ज केला. मुली दीड वर्ष जातात, मुलगे दोन वर्षं. कुठे जायचं ते आपण निवडत नाही, पत्र येतं. तिला दक्षिण अमेरिकेत पाठवलं. अर्ज करण्याआधी तिने बिशपला ‘मला आशा आहे’वालं वाक्य पुन्हा जसंच्या तसं सांगितलं होतं, आणि तरी जायला मिळालं. दर सोमवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, तिची ईमेल यायची. बहुतेक चालून चालून फाटलेल्या बुटांबद्दल आणि तिच्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशबद्दल.

परत येऊन ती आता त्याच कॉलेजात शिकते आहे. रविवारी पुन्हा लहान मुलांसाठी पियानो वाजवते. मागच्या महिन्यात फोनवर मी तिला विचारलं, आता ‘माहीत आहे’ म्हणतेस का? ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘दोन-तीन गोष्टींबद्दल, हो.’ कोणत्या, ते मी विचारलं नाही.